पांढऱ्या शर्टाचा शनिवार

आमच्या घरी रविवार शनिवारी पहाटेच सुरू व्हायचा, आणि तो पाट्यावर सुरू व्हायचा. सारा आत्या, म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण, अंधारातच उठून लसूण सोलायला बसायची आणि वरवंट्याची घरघर कानावर आली की आम्ही भावंडं अंथरुणातच ओळखायचो, आज कुठे टेकायला जागा मिळायची नाही. आम्ही नाशिकचे ख्रिस्ती. आमची वस्ती चर्चच्या भोवती, बैठी कौलारू घरं, मध्ये चिंच आणि चिंचेखाली नळ. वस्तीत रविवार सगळेच पाळायचे, देवळात म्हणजे चर्चमध्ये जायचे, चांगलंचुंगलं खायचे, दुपारी झोपायचे. पण आत्याचा रविवार वेगळा. ती त्याला रविवार म्हणायचीच नाही, शब्बाथ म्हणायची. देवाने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, मग आपण कोण लागून गेलो, असं तिचं सरळ म्हणणं. शब्बाथाला चूल पेटवायची नाही. केर काढायचा नाही. विकत काही आणायचं नाही. नळावर जायचं नाही, पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं. चपला-बुटांना पॉलिश आदल्या दिवशी. आत्या मिशनच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायची, निवृत्त झाल्यावर घरी शिवायची, तर शनिवारी संध्याकाळी ती मशीनवर लाकडी झाकण ठेवायची आणि वर एक विणलेला रुमाल टाकायची. तो रुमाल पडला की शब्बाथ लागला. मग अर्धवट राहिलेलं झंपर कुणाच्या लग्नाचं का असेना.

आता तुम्ही म्हणाल, विसाव्याचा दिवस म्हणजे चैन असेल. रविवारी होती चैन. पण तो सगळा विसावा आदल्या दिवशी तयार करावा लागायचा ना! शनिवारी आई आणि आत्या दोन दिवसांचं रांधायच्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, ढीगभर. लसणाची चटणी, पाटवड्या, सुकी मेथी, उकडलेली अंडी, विरजण. सगळं घर धुऊन निघायचं. कपडे, इस्त्री, कोळशाच्या इस्त्रीचा तो वास. चुलीतली राख सुद्धा शनिवारी रात्री काढून आत्या चूल पोतेऱ्याने सारवून ठेवायची, म्हणजे कुणाला मोहच नको. रविवारी चहा नाही. हे सगळ्यांत जड होतं, विशेषतः माझ्या आईला. आत्याच्या नियमात आजाऱ्याला भेटायला जाण्याची परवानगी होती, तर आई दर रविवारी दुपारी पदर नीट करून शेजारच्या कमळाबाईंच्या चौकशीला जायची. कमळाबाई चांगल्या ठणठणीत होत्या. आई परत आली की तिच्या तोंडाला आल्याचा वास यायचा, आणि आत्या विचारायची, "कशी आहे गं कमळा?" आई म्हणायची, "आज जरा बरंय." असं कित्येक वर्षं कमळाबाईंना जरा बरं होतं.

या सगळ्यात माझ्या बाबांचं काय, तर तेच सांगायला मी बसले आहे. बाबा सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. नाशिकच्या बाहेर कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण सातपूरच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी शनिवारची. विजेचं काहीतरी कारण होतं म्हणे, मला त्यातलं कळत नाही. थोडक्यात, शनिवारी बाबा घरी, आणि रविवारी वस्तीत चर्चची घंटा वाजत असताना बाबा सायकलला डबा अडकवून कामावर. डब्यात काय? आदल्या दिवशीच्या गार दशम्या. म्हणजे बघा, घर धावत असायचं तेव्हा माणूस घरी, आणि घर निजायचं तेव्हा माणूस कामावर. शनिवारी बाबा खाटेवर पडले की आई म्हणायची, "पाय वर घ्या, केर काढायचाय." पाय वर घेतले की आत्या म्हणायची, "शमू, ऊठ रे, खाट उन्हात टाकायचीये, ढेकूण झालेत." उठून दारात बसले तर आम्ही पोरं अंगणात सडा घालत असायचो. शेवटी बाबा आपणहून विचारायचे, "काही काम आहे का मला?" आणि काम असायचंच. बाबांच्या तोंडून मी कधी तक्रार ऐकली नाही. ते मुळातच कमी बोलायचे, आमच्या घरात बोलण्याची भूक आत्या आणि मी भागवायचो. प्रभुभोजनाला सुद्धा ते सठीसहामासी, रजा मिळाली तर. देवळात आमच्या बाकावर आत्याच्या शेजारी एक जागा रिकामी असायची, आणि तिथे आत्या आपली छत्री ठेवायची, म्हणजे दुसरं कुणी बसू नये.

मग एका वर्षी, दिवाळीनंतरची थंडी पडली होती, बाबा शनिवारी दुपारी बाहेर जायला लागले. सकाळची कामं उरकायचे, गरम पाण्याने अंघोळ करायचे, दाढी करायचे आणि पांढरा शर्ट घालायचे. हा शर्ट नाताळचा. आत्यानेच शिवलेला, कडक कॉलरचा. तो घालून सायकल काढायचे ते दिवेलागणीला परत. कुठे गेला होतास म्हटलं तर, "जरा जाऊन आलो." बस्स. आत्याला ते खटकायला लागलं, पण धाकटा असला तरी चार लेकरांचा बाप, विचारणार किती?

तिला विचारायला लावलं शिरसाठ मास्तरांनी. हे मास्तर आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच. माणूस वाईट नव्हता, पण वस्तीत कुणाच्या घरी काय शिजतं ते त्यांना झाकण न काढता कळायचं. एका शनिवारी ते भर दुपारी दारात उभे. आत्या परातीत दशम्यांची कणीक मळत होती, मी तिला दूध ओतून देत होते.

"सलाम, साराताई. एक बोलायचं होतं. शमुवेल हल्ली शनिवारवाल्यांत जातो का हो?"

आत्याचे हात थांबले. शनिवारवाले म्हणजे काय ते सांगते. तेही ख्रिस्तीच, पण त्यांचं म्हणणं असं, की सातवा दिवस म्हणजे शनिवार, शब्बाथ शनिवारीच पाळला पाहिजे, रविवार हा माणसांनी ठरवला. गंगापूर रस्त्याला एका बंगल्यामागच्या खोलीत त्यांची थोडी मंडळी जमायची. आमच्या लोकांना त्यांचं फार वावडं. कारण त्यांच्यात जाणारा पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा, पाण्यात बुडून, म्हणजे आमचा लहानपणीचा बाप्तिस्मा फुकट गेला असंच झालं.

"कुणी सांगितलं?" आत्या म्हणाली.

"सांगायला कशाला पाहिजे? दर शनिवारी सायकल त्याच रस्त्याला. अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून. आता सातपूरचा फिटर शनिवारी दुपारी पांढरा शर्ट घालून सिनेमाला तर जात नाही ना? ताई, मी तुमचा मान ठेवून आधी तुमच्याकडे आलो. पण पंचांत विषय निघणार. तुमच्याच घरात फूट पडली, तर रविवारच्या शाळेत पोरांना शब्बाथाची चौथी आज्ञा तुम्ही कोणत्या तोंडाने शिकवणार?"

मास्तर गेले आणि आत्या तशीच बसून राहिली. रविवारची शाळा म्हणजे तिचा जीव. लग्न केलं नाही, वस्तीतली सगळी पोरं तिची. पण त्या घडीला तिच्या तोंडून शाळेचं काही निघालं नाही. ती आईला म्हणाली, "लीला, तो तिकडे गेला तर त्याची माती कुठे होईल गं? आई-बाबांच्या शेजारी नाही घेणार त्याला." आणि मग तिने एक गोष्ट केली जी मी तोवर कधी पाहिली नव्हती. कणीक अर्धी मळलेली तशीच ठेवली, हात धुतले, पांढरं लुगडं नेसली, छत्री घेतली. बाबा मघाशीच गेले होते. मला म्हणाली, "रूथ, चप्पल घाल."

आईने कणकेची परात आपल्याकडे ओढून घेतली आणि म्हणाली, "जाऊन या. ऊन आहे, सावकाश जा." इतकंच. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं होतं की ही घाबरली कशी नाही.

आम्ही चालत निघालो. आत्या पुढे, मी मागे. वाटेभर ती बोलली नाही, आणि आत्या बोलत नाही म्हणजे काय ते ज्यांनी तिला पाहिलंय त्यांनाच कळेल. गंगापूर रस्ता तेव्हा असा नव्हता. आता तिथे मी माझ्या नातवाच्या स्कूटरवर मागे बसून जाते तेव्हा डोळे मिटून घेते, इतकी गर्दी. तेव्हा दोन्हीकडे वडाची झाडं, त्यामागे माळ्यांचे मळे, झेंडू, शेवंती, मेथी-कोथिंबीर. शनिवारवाल्यांचा बंगला आला. मागच्या खोलीतून गाण्याचा आवाज येत होता, आणि गंमत म्हणजे गाणं आमचंच, आम्ही रविवारी म्हणतो तेच. आत्या फाटकाशी उभी राहून एकेक सायकल बघायला लागली. बाबांची सायकल नव्हती. ती कळायची लगेच, सीटला आत्यानेच शिवलेलं खाकी कव्हर होतं. आत्याचा चेहरा जरा सैल झाला, आणि तेवढ्यात मला ते कव्हर दिसलं. बंगल्याच्या पुढे, रस्त्याच्या पलीकडे, एका मळ्याच्या बांधाला सायकल टेकवलेली.

मळा झेंडूचा होता. ऐन तोडणी चालली होती, बाया टोपल्या भरत होत्या. विहिरीजवळ जांभळाचं झाड, झाडाला एक बैल बांधलेला, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, पोतं अंथरून, पांढऱ्या शर्टात माझे बाबा झोपले होते. उताणे, तोंड उघडं, छातीवर त्यांचं नव्या कराराचं छोटं पुस्तक पालथं. बैल रवंथ करत होता आणि बाबा घोरत होते.

आम्ही बघत उभ्या राहिलो तर एक म्हातारी माळीण कमरेवर टोपली घेऊन आली. "कोन पाह्यजे, बाई?"

"तो माझा भाऊ आहे," आत्या म्हणाली.

"आस्सं व्हय! मंग हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्याचा." म्हातारीने टोपली खाली ठेवली. "आमच्या पोराचं इंजीन दुरुस्त करून दिलं तव्हापासून येतो बघा. काय घेत नाय, काय मागत नाय. येतो, त्याचं ते बारकं पुस्तक वाचतो, गानं म्हनतो हळूच, आन् झोपतो. मला आधी वाटलं, याला घरदार नाय का काय."

"घर आहे हो," आत्या म्हणाली. "चांगलं घर आहे. खाट आहे, गादी आहे."

"मंग इथं कशाला येतो?"

आत्या छत्रीचं टोक मातीत रुतवत राहिली. एरवी तीच मला म्हणायची, शिक्षिका ना, "मोठी माणसं काही विचारतात तर उत्तर द्यावं." म्हणून मीच म्हणाले, "शनिवारी आमच्या घरी फार काम असतं."

म्हातारी हसली, दात नव्हते. "आमचा बैल सोमवारी बसतो. म्हादेवाचा वार, आमी जुंपत नाय त्याला. कितीबी काम असूंद्या. तुमचा भाऊ शनवारी बसतो. बसू द्या की."

या बोलण्याने बाबांना जाग आली. समोर छत्री घेतलेली बहीण बघून ते धडपडून उठले, शर्टाची मागची बाजू झटकायला लागले. लहान मुलगा चिखलात खेळताना सापडावा तसे. आत्या म्हणाली, "शमू, हा शर्ट घालून मातीत झोपतोस?"

बाबा म्हणाले, "अक्का, माझा रविवार आहे ना. मग मळका शर्ट घालून कसा बसू?"

आत्या खूप वेळ त्या बैलाकडे बघत होती. मग तिने विचारलं, "लीलाला ठाऊक आहे?"

"तिनेच सुचवलं."

घरी आल्यावर आत्या आईला म्हणाली, "मला सांगितलं का नाहीस?" आई दशम्या भाजत होती. तिने वर न बघता उत्तर दिलं, "मला विचारलं कुणी?"

त्या दिवशी पुढे काही झालं नाही. रविवार नेहमीसारखा गेला, गार आणि शांत. पण पुढच्या शुक्रवारी पहाटे पाट्याची घरघर ऐकून मी दचकून उठले. मला वाटलं माझाच वार चुकला. बाहेर आले तर आत्या लसूण वाटत होती, आई पीठ चाळत होती, पाण्याचे हंडे भरून ठेवलेले. "आज का?" मी म्हटलं. आत्या म्हणाली, "प्रश्न नको. केरसुणी घे." संध्याकाळी, बाबा कामावरून यायच्या आधी, मशीनवर झाकण बसलं आणि रुमाल पडला.

शनिवारी बाबा उठले आणि खाटेवरच बसून राहिले. घरात कसला आवाज नाही. चूल सारवलेली. आई दारात केस विंचरत बसलेली, आत्या खुर्चीत. बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," आत्या म्हणाली. "पड तू."

बिचाऱ्यांना पहिल्या शनिवारी झोपच आली नाही, शांततेची सवय नव्हती. दुपारी आत्याने पांढरा शर्ट इस्त्री केलेला आणून दिला, त्यांना घालायला लावला, आणि उद्याच्या उपासनेत वाचायचा शास्त्रपाठ आजच त्यांना वाचून दाखवला. शेवटी आमेन आम्ही सगळे म्हणालो. रविवारी पुन्हा चूल बंद. म्हणजे शुक्रवारचं आम्ही दोन दिवस खायला लागलो. माझा धाकटा भाऊ म्हणायचा, आपण एकटेच असे, की देवाने एक दिवस विसावा घेतला आणि आपण दोन घेतो. दशम्या दुसऱ्या दिवशी चिवट व्हायच्या, पण दह्यात मोडून खाल्ल्या तर काही कळत नाही. मी अजून तशाच खाते, सून हसते.

वस्तीत अर्थातच बोंब झाली. आता एकटा शमुवेल नाही, साराताईंनी सुद्धा शनिवार धरला! शनिवारी त्यांच्या धुराड्यातून धूर निघत नाही! शिरसाठ मास्तरांनी पंचांत विषय काढला आणि ठरलं, की चर्चच्या पाळकसाहेबांनी स्वतः जाऊन विचारावं. ते विचारतील आणि उत्तर पटलं नाही तर रविवारची शाळा दुसऱ्या कुणाकडे द्यावी. ही बातमी आमच्याकडे नळावरून आली. आत्या त्या आठवड्यात दोनदा पोरांचे चित्रांचे तक्ते काढून पुसून परत ठेवताना मी पाहिली. नववीतली मुलगी मी, मला कळत होतं की ही त्यांचा निरोप घेतेय. मी म्हटलं, "आत्या, सांगून टाक ना की आपण शनिवारवाले नाही, आणि हे शुक्रवारचं बंद करते म्हणून." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले.

पाळकसाहेब आले ते शनिवारीच. वयस्कर माणूस, पाय सुजायचे त्यांचे. बाबा आत खाटेवर झोपले होते. आत्याने पाळकसाहेबांना खुर्ची दिली, स्वतः उभी राहिली. ते म्हणाले, "साराताई, मला अवघड वाटतंय विचारायला. पण तुम्ही शब्बाथ बदललात असं मंडळी म्हणतात."

आत्या म्हणाली, "पाळकसाहेब, सलाम. चौथी आज्ञा मी या वस्तीतल्या दोन पिढ्यांना पाठ करवली. त्या आज्ञेत मुलगा आहे, मुलगी आहे, चाकर आहे, दारातला परका आहे. बैल आहे, गाढव आहे. सगळ्यांना विसावा सांगितलाय. मी इतकी वर्षं ती आज्ञा पाळायची म्हणून शनिवारी माझ्या भावाला खाटेवरून उठवत होते. तो विसावा घ्यायला कुठे जायचा ठाऊक आहे? एका माळ्याच्या बैलाशेजारी. त्या बैलाला वार ठरवून दिला होता त्याच्या मालकाने. माझ्या भावाला मी नव्हता दिला. रविवार मी पाळतेच, उद्या देवळात बघा मला. पण शनिवारी हे घर गप्प राहणार. शाळा काढून घ्यायची तर घ्या."

आतून बाबांचं घोरणं ऐकू येत होतं. पाळकसाहेबांनी बूट काढले, पाय जरा लांब केले आणि विचारलं, "साराताई, दशमी आहे का? आणि दही?"

आईने ताट वाढलं. खाताना ते म्हणाले, "मला पाळक होऊन इतकी वर्षं झाली. रविवारी सकाळची उपासना, मग घरभेटी, संध्याकाळची प्रार्थनासभा. शनिवारी प्रवचन लिहायचं. मला कुणी अजून विचारलं नाही, की तुमचा शब्बाथ कोणता."

आत्या पटकन म्हणाली, "मग आज बसा की इथेच."

शाळा आत्याकडेच राहिली, तिला उठवेनासं होईपर्यंत. माझी सून दवाखान्यात नर्स आहे, तिची सुट्टी दर आठवड्याला वेगळ्या वारी पडते. मी सोमवारीच तिला विचारून घेते, आणि त्या वाराच्या आदल्या दिवशी दशम्या करून ठेवते. त्या दिवशी आमच्याकडे मिक्सर लागत नाही. शेजारच्या बाई विचारतात, "आज काय उपास?" मी म्हणते, "तसंच समजा."

पण सांगायचं राहिलं ते त्या शनिवारचं. पाळकसाहेब ताट बाजूला ठेवून खुर्चीतच मागे रेलले, डोळे मिटले, आणि बघता बघता त्यांचीही मान एका बाजूला कलली. आत बाबा, बाहेर पाळकसाहेब. आई उठून हळूच कमळाबाईंच्या चौकशीला गेली. आत्या उंबऱ्यावर बसली, मी तिच्याजवळ. थोड्या वेळाने शिरसाठ मास्तर लगबगीने आले, मान उंच करून आत बघायला लागले. "पाळकसाहेब आलेत ना? काय ठरलं? बोलायचंय त्यांच्याशी."

आत्याने ओठांवर बोट ठेवलं आणि पाय लांब करून उंबरा अडवला.

"मास्तर, सोमवारी या," ती हळूच म्हणाली. "आत्ता त्यांचा रविवार चालू आहे."